वाचकांचे प्रश्न : कर्नलमधील परकी सॉफ्टवेअर आणि कोसळणारे सर्व्हर

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच अडचणीभोवती फिरणारी आहेत. सर्व्हर मधूनच कोसळतो, त्यावर सुरक्षा, बॅकअप किंवा एन्क्रिप्शनसाठी थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, शिरणारे दुसऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर असते, आणि दोष कोणाचा हे काही केल्या ठरत नाही. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. मूळ मुद्दा पहिल्याच पत्रात आलेला असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : आमचा लिनक्सवरील डेटाबेस सर्व्हर साधारण आठवड्यातून एकदा कर्नल पॅनिक (गाभ्यातील बिघाडामुळे सगळेच थांबणे) होऊन बंद पडतो. दर वेळी अहवालात वेगळेच नाव येते. कधी फाइल सिस्टिमचे फंक्शन असते, कधी मेमरी वाटणारे, तर कधी नेटवर्कचे. या सर्व्हरवर एक सुरक्षा एजंट आणि एक बॅकअपचे उत्पादन आहे, आणि दोघांचीही स्वतःची कर्नल मॉड्यूले (कर्नलमध्ये चढवलेले कोडचे भाग) आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट म्हणतो की आपला कर्नल ‘टेन्टेड’, म्हणजे परक्या कोडचा शिक्का बसलेला, आहे, आधी ती मॉड्यूले काढा. मॉड्यूलवाले म्हणतात की कॉल ट्रेसमध्ये (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) आमचे नाव कुठेही नाही. हार्डवेअरवाल्यांनी मेमरीची चाचणी घेऊन सर्व ठीक असल्याचे कळवले आहे. कोणाचे खरे मानावे?
— एका डेटाबेस सर्व्हरचे प्रशासक

उत्तर : तिघांचेही म्हणणे आपापल्या मर्यादेत खरे आहे, मात्र त्यातून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पॅनिकच्या अहवालात छापले जाते ते नाव, बिघाड ज्याच्या हातात उघडकीस आला त्याचे असते. बिघाड करणारा तोच असेल असे नाही. सामान्य प्रोग्रॅमांना प्रत्येकी स्वतंत्र पत्त्यांची जागा मिळते, त्यामुळे एखाद्याने भलत्या ठिकाणी लिहिले तर बहुधा तोच मरतो आणि बाकीचे सुखरूप राहतात. कर्नलच्या आत अशी भिंत नसते. फाइल सिस्टिम, नेटवर्क, डिस्कचा ड्रायव्हर आणि आपला सुरक्षा एजंट हे सगळे एकाच पत्त्यांच्या जागेत, सारख्याच अधिकाराने वावरतात. कौल फुटलेले असते एका ठिकाणी आणि पाणी गळते दुसऱ्याच खोलीत, तशातला हा प्रकार आहे. म्हणून ‘ट्रेसमध्ये आमचे नाव नाही’ हा बचाव मेमरी बिघडवणाऱ्या दोषाच्या बाबतीत फारसा टिकत नाही.

दर वेळी वेगळे नाव येणे हीच आपल्या पत्रातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. एखाद्या फंक्शनमध्येच चूक असती तर तेच फंक्शन पुनःपुन्हा दिसले असते. नावे बदलत राहतात तेव्हा कोणीतरी दुसऱ्याच्या मेमरीत लिहीत आहे, किंवा आपण परत केलेली मेमरी अजून वापरत आहे, असा संशय आधी घ्यावा. हे कसे घडते ते समजून घेतले तर पुढचा तपास सोपा होतो. कर्नलमध्ये कोणी लहान आकाराची मेमरी मागितली की ती ठरावीक मापांच्या साठ्यांतून दिली जाते. २०० बाइट मागणाऱ्याला २५६ बाइटांच्या साठ्यातील एक तुकडा मिळतो, आणि त्याच्या शेजारचा तुकडा अगदी असंबद्ध अशा दुसऱ्याच घटकाकडे असू शकतो. एजंटाने एखाद्या फाइलीचा लांबलचक मार्ग साठवताना आपल्या तुकड्याच्या टोकापलीकडे काही बाइट लिहिले, तर त्या क्षणी काहीच होत नाही. शेजाऱ्याला आपल्या तुकड्यातील पॉइंटर (मेमरीतील दुसऱ्या जागेचा पत्ता) वापरायची वेळ येईल तेव्हा तो कोसळतो. मधल्या काळात काही सेकंद गेलेले असतील किंवा काही तास, आणि एजंटाचे काम तर केव्हाच संपलेले असते.

आता अहवाल कसा वाचावा ते पाहू. लॉगमध्ये एकापेक्षा अधिक ‘ऊप्स’ (कर्नलने स्वतःच्या चुकीबद्दल लिहिलेल्या नोंदी) असतील तर फक्त पहिल्यावर भर द्यावा, कारण पहिल्या धक्क्यानंतर कर्नलची अवस्था भरवशाची राहत नाही. कॉल ट्रेसमध्ये ज्या ओळींपुढे प्रश्नचिन्ह असते त्या खात्रीच्या नसतात. स्टॅकवर (चालू फंक्शनांच्या नोंदींसाठीच्या मेमरीत) सापडलेला तो जुना उरलेला पत्ताही असू शकतो. ‘मॉड्यूल्स लिंक्ड इन’ या यादीत प्रत्येक बाहेरच्या मॉड्यूलच्या नावापुढे कंसात अक्षरे असतात, त्यावरून कर्नलला कोणामुळे शिक्का बसला हे लगेच कळते. ‘प्रॉक’मधील ‘टेन्टेड’ या फाइलीत हाच शिक्का एका आकड्याच्या रूपात असतो. तेथे १२२८९ असा आकडा दिसला तर त्याची फोड १, ४०९६ आणि ८१९२ अशी होते, म्हणजे कोणते तरी मॉड्यूल खासगी परवान्याचे, कोणते तरी मूळ कर्नलबाहेर तयार झालेले आणि कोणते तरी सही नसलेले आहे. हा शिक्का मॉड्यूल काढल्यावरही सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत कायम राहतो. त्याने दोष सिद्ध होत नाही. या कर्नलमध्ये आम्ही न पाहिलेला कोड चालला आहे, एवढीच ती नोंद असते.

खरा पुरावा डंपमध्ये, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीच्या नकलेत, असतो. आपण केडंप ही लिनक्सची डंप घेणारी सोय चालू केली असेल तर ‘व्हीएमकोअर’ फाइल मिळेल. ती ‘क्रॅश’ या साधनाने उघडताना नेमक्या त्याच आवृत्तीच्या कर्नलची डीबग चिन्हे (पत्त्यांवरून नावे सांगणारी माहिती) लागतात, जवळपासची आवृत्ती चालत नाही. बिघडलेला पॉइंटर ज्या तुकड्यात होता त्याचा पत्ता ‘केमेम’ या आदेशाला दिला की तो कोणत्या साठ्यातील आहे ते कळते. नंतर त्या तुकड्याचा आणि त्याच्या आधीच्या शेजाऱ्याचा मजकूर अक्षरांच्या रूपात वाचून पाहावा. पॉइंटरच्या जागी फाइलीच्या मार्गाचा तुकडा किंवा प्रोसेसचे नाव सापडले, तर असा मजकूर कोण हाताळते हा प्रश्न जवळपास सुटलेलाच असतो. पॉइंटरच्या जागी ‘डी-ई-ए-डी’ या अक्षरांनी सुरू होणारा आणि १०० किंवा १२२ ने संपणारा पत्ता असेल, तर यादीतून एकदा काढलेला घटक कोणीतरी पुन्हा वापरला आहे, कारण असे काढताना कर्नल मुद्दाम हे आकडे लिहून ठेवतो. आणि मूळ मूल्यापेक्षा केवळ एक बिट बदललेला दिसला, तर हार्डवेअरवाल्यांच्या प्रमाणपत्राकडे पुन्हा एकदा संशयाने पाहावे. मेमरीची चाचणी नापास होणे हा दोषाचा पुरावा असतो, पण ती पास होणे हा निर्दोषपणाचा पुरावा नसतो. मात्र सारखीच सॉफ्टवेअर असलेला दुसरा सर्व्हरही तसाच कोसळत असेल, तर हार्डवेअरचा विचार बाजूला ठेवायला हरकत नाही.

डंपवरून उलगडा झाला नाही तर बूटच्या वेळी ‘स्लब-डीबग’ चालू करता येते. त्यात प्रत्येक तुकड्याच्या कडेला राखीव पट्टा ठेवला जातो, परत केलेल्या मेमरीत ‘६बी’ हा बाइट भरला जातो, आणि तुकडा कोणी घेतला व कोणी परत केला याची नोंद ठेवली जाते. वेग कमी होतो आणि मेमरी जास्त लागते, म्हणून संशयित मापाच्या एकाच साठ्यापुरते ते चालू करणे शहाणपणाचे ठरेल. पट्ट्यावर लिहिले गेल्याचे ते लिहिण्याच्या क्षणी सांगत नाही, पुढच्या तपासणीच्या वेळी सांगते. तरीही बिघडलेला तुकडा आणि त्याचा शेजारी कोणी मागितला होता हे कळणे ही मोठी मिळकत असते. ‘कासान’ हे अधिक तीक्ष्ण साधन पुष्कळ जण सुचवतात. त्याच्या तपासण्या कोड कंपाइल करताना घातल्या जातात. मॉड्यूल कंपनीकडून तयार स्वरूपात आलेले असेल तर त्या मॉड्यूलने स्वतः केलेले लेखन या तपासणीतून निसटते. तेव्हा ‘कासानमध्ये काही सापडले नाही’ असे मॉड्यूलवाल्यांनी सांगितले, तर मॉड्यूलही त्याच पद्धतीने कंपाइल केले होते का, एवढे जरूर विचारावे.

शेवटी मॉड्यूले काढून पाहण्याचा मार्ग उरतो, आणि यात चुका फार होतात. एजंटची सेवा बंद केली म्हणजे त्याचे मॉड्यूल गेले असे नव्हे. कर्नलमध्ये अडकवलेले त्याचे हूक (मध्येच शिरण्याचे जोड) तसेच राहतात. चढलेली मॉड्यूले दाखवणाऱ्या ‘एलएसमॉड’ आदेशाच्या यादीत नाव दिसत असेल तोवर ते हजर आहे असेच धरावे. चालू सर्व्हरवर ते उपसून काढणेही धोक्याचे असते, कारण एखादा थ्रेड (चालू कामाचा धागा) त्याच्या कोडमध्ये अडकलेला असेल तर परतताना त्याच्या पायाखालची जमीनच नाहीशी झालेली असते. मॉड्यूल बूटच्या वेळीच चढणार नाही अशी तजवीज करावी, सुरुवातीच्या रॅम डिस्कमध्येही ते नाही याची खात्री करावी, आणि सर्व्हर नव्याने सुरू करावा. एकेक मॉड्यूल काढत जाण्यापेक्षा आधी दोन्ही एकदम काढावीत असे माझे मत आहे. शिक्का नसलेल्या कर्नलवरही सर्व्हर कोसळला तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या सपोर्टला सबब उरत नाही, आणि नाही कोसळला तर दोनच संशयित उरतात. सुरक्षा एजंट काढायला परवानगी मिळणार नसेल तर निदान एका पर्यायी सर्व्हरवर तसाच भार देऊन पाहावे.

किती दिवस थांबावे? सर्व्हर सरासरी आठवड्यातून एकदा, पण कोणत्याही ठरावीक वेळेशिवाय कोसळत असेल, तर काहीही न बदलता एक आठवडा शांत जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. तीन आठवडे निव्वळ योगायोगाने शांत जाण्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते. पहिल्याच शांत आठवड्यानंतर ‘सापडला’ म्हणून तिकीट बंद करणाऱ्यांना दुसऱ्या महिन्यात तेच तिकीट पुन्हा उघडावे लागते ते यामुळेच.

मॉड्यूलवाल्यांना लिहिताना ‘तुमच्यामुळे कोसळतो’ असे लिहू नये. डंप, कर्नलची आणि मॉड्यूलची नेमकी आवृत्ती, बिघडलेल्या तुकड्याचा मजकूर आणि मॉड्यूलांसह व मॉड्यूलांशिवाय सर्व्हर किती काळ चालला याची नोंद पाठवावी. त्यांच्या मॉड्यूलची चिन्हे त्यांच्याकडेच असतात, त्यामुळे डंपमधील त्यांचे फ्रेम (स्टॅकवरील नोंदी) तेच नीट वाचू शकतात.

प्रश्न : सर्व्हर स्वतःहून पुन्हा सुरू होतो, पण डंप फाइल कधीच मिळत नाही. विंडोजमध्ये फक्त ४१ क्रमांकाची नोंद दिसते, आणि लिनक्सच्या क्लस्टरमध्ये (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या समूहात) तर तीही नाही. डंपशिवाय तपास कसा करावा?
— दोन्ही प्रकारचे सर्व्हर सांभाळणारे वाचक

उत्तर : डंपशिवायचा तपास बहुतेक वेळा अंदाजपंचे होतो, म्हणून आधी डंपच का मिळत नाही हे शोधावे. ४१ क्रमांकाची नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी सर्व्हर रीतसर बंद झाला नव्हता. त्या नोंदीतील ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर वीज गेली, बटण दाबले गेले किंवा यंत्र पूर्ण गोठले असावे. शून्य नसेल तर तो आकडा दशमान पद्धतीत असतो, म्हणजे २०९ म्हणजे नेहमीच्या षोडशमान भाषेतील स्टॉप कोड डी१, हे लक्षात ठेवावे. विंडोजमध्ये डंप नेहमीच्या मांडणीत आधी बूट ड्राइव्हवरील पेज फाइलीत (मेमरीला पूरक अशा डिस्कवरील फाइलीत) लिहिला जातो. कोणी जागा वाचवण्यासाठी ती फाइल छोटी केली असेल किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली असेल, तर डंपला जागाच राहत नाही.

क्लस्टरमध्ये मात्र नेहमीचा गुन्हेगार निराळा असतो. एखाद्या नोडकडून, म्हणजे समूहातील सर्व्हरकडून, प्रतिसाद आला नाही की बाकीचे नोड त्याची वीज तोडतात, आणि डंप लिहिणे अर्ध्यातच राहते. यासाठी ‘फेन्स-केडंप’ आहे. डंप चालू असल्याचा निरोप तो इतरांना देतो आणि वीज तोडणे थांबवतो. सर्व्हरच्या व्यवस्थापन चिपमधील स्वयंचलित रीस्टार्टचा टायमरही असाच आड येतो. एवढे सगळे बसवल्यावर, ठरवून घेतलेल्या बंदच्या वेळेत, लिनक्सवर ‘सिसआरक्यू’ या कर्नलला थेट आदेश देण्याच्या सोयीतील ‘सी’ वापरून मुद्दाम एक पॅनिक घडवून पाहावा. ही चाचणी न केलेली डंपची मांडणी मी तरी चालू आहे असे धरत नाही.

प्रश्न : आमचा विंडोज फाइल सर्व्हर कोसळत नाही, गोठतो. पिंगला उत्तर देतो, पण शेअर उघडत नाहीत आणि लॉगिन केले तर पडदा तसाच राहतो. बटण दाबून पुन्हा सुरू केल्याशिवाय सुटका नाही. अँटिव्हायरस, सतत चालणारा बॅकअप आणि एन्क्रिप्शन अशी तीन उत्पादने त्यावर आहेत. तिन्ही कंपन्या म्हणतात, क्रॅश नाही तर आम्ही तपासायचे काय?
— एका कार्यालयाच्या नेटवर्कचे प्रमुख

उत्तर : त्यांना तपासायला डंप हवा, तर तो गोठलेल्या सर्व्हरकडूनही मिळवता येतो. पिंगचे उत्तर कर्नलच्या नेटवर्क भागातूनच दिले जाते, त्यासाठी कोणत्याही प्रोग्रॅमला जागे व्हावे लागत नाही, म्हणून सगळे थ्रेड एकमेकांची वाट पाहत बसलेले असतानाही ते चालू राहते. अशा वेळी बटण दाबू नये. सर्व्हरच्या व्यवस्थापन पॅनेलमधून ‘एनएमआय’ (दुर्लक्ष करता न येणारा हार्डवेअरचा इशारा) पाठवावा. सर्व्हर २०१२ पासून पुढच्या विंडोजमध्ये यासाठी वेगळी नोंद करावी लागत नाही, डंप आपोआप लिहिला जातो. यंत्र आभासी असेल तर हायपरव्हायजरमध्येही (आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही) एनएमआय पाठवण्याची सोय असते. डंपचा प्रकार आधीच ‘कम्प्लीट’ किंवा ‘ॲक्टिव्ह’ करून ठेवावा. का, ते पुढे येईलच.

विंडोजमध्ये फाइलीची प्रत्येक मागणी फिल्टर ड्रायव्हरांच्या (मागणी वाटेत तपासणाऱ्या कर्नलमधील कोडच्या) उतरंडीतून डिस्ककडे जाते. ‘एफएलटीएमसी’ या आदेशाने ती उतरंड आणि प्रत्येकाची ‘अल्टिट्यूड’ (उतरंडीतील उंचीचा आकडा) दिसते. अँटिव्हायरसला ३२०००० पासून, सतत चालणाऱ्या बॅकअपला २८०००० पासून आणि एन्क्रिप्शनला १४०००० पासून सुरू होणाऱ्या पट्ट्या नेमून दिलेल्या आहेत. आकडा जितका मोठा तितकी मागणी आधी त्याच्याकडे येते. एन्क्रिप्शन सर्वांत खाली असल्यामुळेच अँटिव्हायरसला उलगडलेला मजकूर वाचता येतो. एका वर्गातील दोन उत्पादने, विशेषतः दोन अँटिव्हायरस, या यादीत दिसले तर बाकीचा तपास सुरू करण्याआधी त्यांतील एक काढावा.

आपण वर्णन केलेल्या गोठण्याचा एक ठरलेला नमुना आहे. फाइल उघडण्याची मागणी आली की फिल्टर ती रोखून धरतो आणि युजर बाजूला चालणाऱ्या आपल्या स्कॅनर सेवेला विचारतो. स्कॅनर ती फाइल, किंवा त्यासाठी लागणारी दुसरी एखादी फाइल, उघडायला जातो, तेथे त्याला एक लॉक (एका वेळी एकालाच मिळणारी परवानगी) लागते, आणि ते लॉक ज्या थ्रेडकडे असते तोच फिल्टरच्या उत्तराची वाट पाहत असतो. फिल्टरने वाट पाहण्याला मुदत घातलेली नसेल तर हे वर्तुळ कधीच सुटत नाही. डंप विनडीबग या साधनात उघडून ‘लॉक्स’ आदेश दिला की कोणते लॉक कोणाकडे आहे आणि कोण ताटकळले आहे ते दिसते. मालक थ्रेडचा स्टॅक वाचावा, तो कशासाठी थांबला आहे ते पाहावे, आणि तेथून पुढच्या थ्रेडकडे जावे. साखळीचा एक दुवा स्कॅनरच्या प्रोसेसमध्ये असतो, आणि केवळ कर्नलचा डंप घेतला तर युजर बाजूची मेमरी त्यात नसल्यामुळे माग नेमका तेथेच तुटतो. डंपचा प्रकार आधी बदलायला सांगितला तो यासाठीच.

असे वर्तुळ सापडले नाही तर इव्हेंट लॉगमध्ये २०१९ किंवा २०२० क्रमांकाची नोंद आहे का पाहावे. कर्नलचा नॉन-पेज्ड किंवा पेज्ड पूल (कर्नलच्या वापरासाठीचा मेमरीचा साठा) संपल्याची ती खूण असते, आणि पूल कोण गिळतो आहे हे ‘पूलमॉन’ हे साधन टॅगनिशी (मागणाऱ्याच्या खुणेनिशी) दाखवते. आपल्या तिन्ही उत्पादनांच्या एकत्र राहण्यातून आणखी एक बिघाड संभवतो. ६४ बिट विंडोजमध्ये कर्नलचा स्टॅक २४ किलोबाइटांचाच असतो, आणि प्रत्येक फिल्टर त्यातील वाटा उचलतो. एखादा जुन्या पद्धतीचा फिल्टर मागणी हाताळताना स्वतःच दुसरी फाइल उघडू लागला, तर ती मागणी पुन्हा उतरंडीच्या माथ्यापासून सुरू होते आणि स्टॅक संपतो. तेव्हा स्टॉप कोड ७एफ येतो आणि त्याचा पहिला घटक ८ असतो. अशा वेळी स्टॅकवर शेवटी जो सापडला त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. स्टॅकमध्ये प्रत्येकाने किती जागा खाल्ली ते मोजून सर्वांत खादाड कोण ते ठरवावे.

प्रश्न : जुलै २०२४ मध्ये एका सुरक्षा एजंटच्या अपडेटने लाखो विंडोज यंत्रे कोसळल्याच्या घटनेनंतर आमच्या संस्थेत कर्नलमध्ये चालणारी सगळी उत्पादने हद्दपार करण्याची मागणी होत आहे. ते योग्य ठरेल का? आणि त्या घटनेत तर डंपमध्ये थेट ड्रायव्हरचेच नाव होते, मग तपास अवघड का मानायचा?
— माहिती-सुरक्षा विभागातील वाचक

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन एजंटसाठी आलेल्या एका अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. डंपमध्ये त्या एजंटच्या ड्रायव्हरचे नाव होते आणि दोषही त्याचाच होता, हे खरे. पण त्या दिवशी ड्रायव्हर बदललेलाच नव्हता. बदलली होती ती ड्रायव्हर वाचत असलेली २९१ क्रमांकाची माहितीची फाइल. तपासणीच्या नियमांत २१ मूल्ये अपेक्षित होती आणि कोड २० च पुरवत होता. आधीच्या फाइलींत एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्यामुळे ते मूल्य प्रत्यक्ष वाचायची वेळ आली नव्हती. त्या दिवशीच्या फाइलीने ते वाचायला लावले, ड्रायव्हरने आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली आणि यंत्र कोसळले. ‘आज कोणता ड्रायव्हर बदलला?’ एवढेच विचारणाऱ्याला त्या सकाळी ‘कोणताही नाही’ असेच उत्तर मिळाले असते. यासाठी बदलांच्या नोंदवहीत ड्रायव्हरच्या आवृत्त्यांबरोबरच एजंटांच्या नियमफाइली, व्हायरसच्या व्याख्या आणि दूरस्थ धोरणेही वेळेनिशी टिपलेली असावीत. ती फाइल जागतिक प्रमाणवेळेनुसार ४ वाजून ९ मिनिटांनी आली आणि ५ वाजून २७ मिनिटांनी मागे घेतली गेली. क्रॅशच्या वेळा या दोन वेळांशी ताडून पाहिल्या असत्या तर स्टॅक न उघडताही संशय तेथेच गेला असता.

सरसकट हद्दपारी मला पटत नाही, निदान आज तरी. प्रवाह त्या दिशेने निश्चित आहे. ॲपलने २०१९ च्या कॅटालिनापासून कर्नल एक्स्टेन्शनऐवजी युजर बाजूला चालणारी सिस्टिम एक्स्टेन्शन आणली, आणि मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरक्षा उत्पादनांना कर्नलबाहेर चालता यावे अशी सोय करण्याचे जाहीर केले. लिनक्सवर पुष्कळ एजंट आता मॉड्यूलऐवजी ईबीपीएफ (कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवण्याची सोय) वापरतात. त्यात प्रोग्रॅम चढवण्यापूर्वी कर्नल स्वतः त्याची छाननी करतो, त्यामुळे भलत्या पत्त्यावर लिहिणारा कोड दारातच अडवला जातो. छाननी करणाऱ्या भागातही चुका निघू शकतात, पण मग ती चूक कर्नलची ठरते आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाची याबद्दल वाद राहत नाही. तपास करणाऱ्याने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ईबीपीएफ प्रोग्रॅम चढवल्याने कर्नलवर शिक्का बसत नाही, म्हणजे अहवालात ‘नॉट टेन्टेड’ असे असले तरी परका कोड तेथे नव्हता असे होत नाही. त्यासाठी ‘बीपीएफटूल’ने चढलेल्या प्रोग्रॅमांची यादी वेगळी काढावी लागते.

तोवर संस्थेने कंपनीकडे एवढा आग्रह धरावा की नियमफाइलींचे अपडेटही टप्प्याटप्प्याने, आधी मोजक्या सर्व्हरवर आणि मग उरलेल्यांवर घेण्याचा अधिकार आपल्याकडे असावा. ‘आम्ही ड्रायव्हरचे अपडेट टप्प्याने घेतो’ असे मानून निर्धास्त असलेल्यांनाही त्या दिवशी फटका बसला, कारण ही फाइल त्या टप्प्यांत मोडतच नव्हती.

प्रश्न : विंडोजमधील, ड्रायव्हरांच्या चुका पकडणारा ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ चालू सर्व्हरवर लावावा का?
— एक वाचक

उत्तर : लावता येतो, पण तो मुद्दाम सर्व्हर पाडण्यासाठीच असतो हे मान्य करूनच लावावा. संशयित ड्रायव्हरला मिळणारी मेमरी तो पानाच्या (मेमरीच्या ठरावीक मापाच्या भागाच्या) अगदी शेवटाशी ठेवतो आणि पुढचे पान बंद करतो, त्यामुळे हद्द ओलांडून त्या बंद पानावर एक बाइट लिहिला तरी यंत्र त्याच सूचनेवर थांबते आणि पहिल्या उत्तरात सांगितलेला ‘गळती एकीकडे, भोक दुसरीकडे’ हा घोळ उरत नाही. ड्रायव्हरने नियम मोडल्याचे व्हेरिफायरने पकडले तर स्टॉप कोड सी४ येतो.

सगळे ड्रायव्हर एकदम कधीही निवडू नयेत. तसे केले तर सर्व्हर संथ होतो, राखीव मेमरी भलत्याच ड्रायव्हरांत वाटली जाते, आणि कोणत्या तरी निरुपद्रवी प्रिंटर ड्रायव्हरची जुनी चूक आधी हाती येते. बाहेरचे ड्रायव्हर, तेही दोन-तीनच, निवडावेत. समूहात अनेक नोड असतील तर एकाच नोडवर हा प्रयोग करावा, आणि त्या नोडवरचा डंप मिळतो याची चाचणी आधीच झालेली असावी. निवडलेला ड्रायव्हर बूटच्या वेळीच चढत असेल तर सर्व्हर सुरू होता होताच पुन्हा पुन्हा थांबू शकतो. तेव्हा सेफ मोडमध्ये जाऊन ‘व्हेरिफायर’ला ‘रीसेट’ हा पर्याय द्यावा आणि पुन्हा सुरू करावे. हा मार्ग, सेफ मोडमध्ये लॉगिन करण्यासाठीचा पासवर्ड आणि ड्राइव्ह बिटलॉकरने बंद असेल तर त्याची रिकव्हरी की, हे सगळे प्रयोगाआधी सर्व्हरच्या बाहेर कोठेतरी लिहून ठेवलेले असावे. काम झाल्यावर ‘क्वेरीसेटिंग्ज’ देऊन कोणताही ड्रायव्हर यादीत उरला नाही हे पाहावे आणि मगच तो नोड समूहात परत घ्यावा.